पहिला ग्लास

नॉर्थ यॉर्कमधलं ते बेसमेंट आम्ही भाड्याने घेतलं, तेव्हा जाहिरातीत लिहिलं होतं, ‘युटिलिटीज इन्क्लुडेड’. म्हणजे हीटिंग, वीज आणि पाणी भाड्यातच. पाणी उकळून मिळणार, हे मात्र लिहिलेलं नव्हतं. ते राहायला गेल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेसमेंटच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर स्टीलचे दोन मोठे फ्लास्क उभे होते. नवऱ्याला वाटलं, आधीचे भाडेकरू विसरून गेले असतील. त्याने ते उचलून कपाटात ठेवले. थोड्या वेळाने वरून घरमालक उतरले. उंच, किंचित वाकलेले, पायजम्यावर जाड स्वेटर आणि घरातसुद्धा कानटोपी.

“फ्लास्क कुठे गेले?”

“ते तुमचे होते का, अंकल?”

“माझे कशाला? तुमचे. प्यायचं ते हे पाणी. नळाचं भांडी घासायला. संध्याकाळी रिकामे करून पायरीवर ठेवायचे, सकाळी भरून येतील.”

मी हसून म्हटलं, “अहो, इथलं टॅपवॉटर एकदम सेफ असतं. लोक डायरेक्ट पितात.”

“लोक काय वाटेल ते करतात,” असं म्हणून ते माझ्या अगदी समोर येऊन उभे राहिले. “डोळे दाखव.”

मी काही बोलायच्या आत त्यांनी अंगठ्याने माझ्या डोळ्याखालची कातडी खाली ओढली, हनुवटी धरून तोंड खिडकीकडे फिरवलं आणि आंबे पारखावेत तसं पाहिलं. “ठीक आहे,” म्हणाले आणि वर निघून गेले. डिपॉझिट परत मिळेल का, असं मी नवऱ्याला तेव्हाच विचारलं होतं.

डिपॉझिट परत मागायची वेळ काही आली नाही. आम्ही त्या घरात चांगले रमलो.

अंकल वसईकडचे ख्रिस्ती. तिकडच्या एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात सुपरवायझर होते. मग धाकट्या भावाने स्पॉन्सर करून त्यांना टोरोंटोला आणलं, आणि इथे ते एका शाळेचा बॉयलर सांभाळण्याच्या कामावर लागले. थोडक्यात, या माणसाने जन्मभर आधी पाणी सोडलं आणि मग पाणी तापवलं. रिटायर झाल्यावर ही दोन्ही कामं त्यांनी घरी सुरू ठेवली होती. घरात ते एकटेच. भिंतीवर येशूची तसबीर, तिच्याखाली एका तरुण बाईचा जुना, कृष्णधवल फोटो, आणि शेगडीवर कायम एक भला मोठा टोप.

पाणी उकळण्याची त्यांची पद्धत ठरलेली होती. नुसतं गरम झालेलं चालायचं नाही, बुडबुडे आलेलंही चालायचं नाही. खळखळून उकळी फुटली की टोपासमोर उभं राहून दहा वेळा ‘नमो मरिया’ म्हणायचं, तेही सावकाश, आणि मगच शेगडी बंद. घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. “घड्याळ लावलं की माणूस टीव्ही बघायला जातो,” म्हणायचे. एकदा त्यांना फ्लू झाला तेव्हा पाणी उकळायचं काम माझ्याकडे आलं. मी विचारलं, “अंकल, मला तुमची प्रार्थना येत नाही. मी आमचं एखादं स्तोत्र म्हटलं तर?”

त्यांनी पांघरुणातून तोंड बाहेर काढून विचार केला. “चालेल. पण मधले श्लोक गाळायचे नाहीत.”

डोळे बघायची सवय तर सगळ्या वस्तीला ठाऊक होती. रविवारी मिस्सा संपली की चर्चच्या दारात उभे राहायचे. कोणी इंडियाहून आलेलं दिसलं की मिठी मारण्याआधी पापणी खाली ओढायचे. जाणाऱ्यांची उलटतपासणी वेगळी. “हेपटायटिस एची शॉट घेतली? टायफॉइडची? पोरांची?” कोणी “अंकल, आपल्याच घरी तर जातोय” म्हणालं की यांचा आवाज चढायचा. “आपल्याच घरी? घर तुझं, पाइप कोणाचा?”

मराठी मंडळाच्या गणपतीलाही ते नेमाने यायचे. आरतीला मागे उभे राहून टाळ्या वाजवायचे आणि प्रसाद घेऊन थेट खाण्याच्या टेबलाकडे. एका वर्षी तिथे पाणीपुरी होती. सगळं कॅनडाचं पाणी, कॅनडातलाच पुदिना. तरी अंकलनी वाढणाऱ्या बाईंना विचारलंच, “मॅडम, हे पाणी उकळून गार केलंय का?” बाई मंडळाच्या खजिनदार होत्या आणि त्यांना प्रश्न ऐकायची सवय नव्हती. त्या म्हणाल्या, “अहो काका, मी स्वतः सकाळपासून खातेय. मला काही झालं का?”

अंकलचा चेहरा एकदम बदलला. हातातली प्लेट त्यांनी टेबलावर ठेवली आणि ते भर पावसात बाहेर पडले. आम्ही त्यांना गाडीत घालून घरी आणलं. वाटेत ते एवढंच म्हणाले, “मला काही झालं नाही, हे वाक्य माझ्यासमोर बोलायचं नाही.” मला वाटलं, म्हाताऱ्याचा तिरसटपणा. माझा स्वभावही काही फार गोड नाही, त्यामुळे मी मनात त्यांना दोन शब्द सुनावले आणि विसरून गेले.

मग मला दिवस गेले.

माझं माहेर सांगलीच्या बाजूला एका लहान गावात. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, यात चर्चेला जागाच नसते. आईने फोनवर बातमी ऐकली आणि त्याच फोनवर ठरवून टाकलं: सातव्या महिन्यात मी जायचं, डोहाळेजेवण गावातल्या मंगल कार्यालयात, बाळंतपण ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे. मी एका डेंटिस्टच्या ऑफिसात फ्रंट डेस्कला होते. तिथे रजा मिळाली, फेब्रुवारीचं तिकीट काढलं. मला जायचंच होतं. मला आईच्या हातचं खायचं होतं, हिरवी साडी नेसून झोपाळ्यावर बसायचं होतं, आणि कोणीतरी माझ्या पायांना तेल लावायला हवं होतं. टोरोंटोच्या बेसमेंटमध्ये यातलं काहीही नव्हतं.

डिसेंबरात एकदा आईशी बोलताना फोन स्पीकरवर होता आणि अंकल पायरीवर फ्लास्क ठेवायला आले होते. आई सहज बोलून गेली, “इकडे नळाला जरा गढूळ येतंय सध्या. पाइप फुटलाय कुठेतरी. काविळीची साथ आहे थोडी, पण आपल्या गल्लीत नाही.”

पायरीवर फ्लास्क आपटल्याचा आवाज झाला. त्या दिवसापासून अंकलनी माझा पिच्छा पुरवला.

पहिल्यांदा त्यांनी मला ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये नेलं. एका प्लाझात, ग्रोसरीच्या दुकानाशेजारी होतं ते. तिथली नर्स फार शांत होती. तिने कोणत्या लसी गरोदरपणात चालतात, कोणत्या नाहीत, सगळं समजावलं. अंकल कानटोपी कानांवरून वर सरकवून ऐकत होते. तिचं झालं तेव्हा त्यांनी विचारलं, “अँड ई?”

“सॉरी?”

“हेपटायटिस ई. ए यू हॅव, बी यू हॅव. गिव्ह हर ई. शी इज हाय रिस्क. व्हेरी व्हेरी हाय.”

नर्सने खुर्ची जवळ ओढली. ई या काविळीची लस कॅनडात मिळतच नाही, म्हणाली. चीनमध्ये एक लस आहे, पण गरोदर बायकांना ती द्यावी की नाही यावर अजून पुरेसा अभ्यास झालेला नाही. पाणी उकळून पिणं आणि साथ असेल तिथे न जाणं, एवढंच ती सांगू शकत होती.

“बट धिस डिसीज किल्स प्रेग्नंट लेडीज मोस्ट,” अंकल म्हणाले.

“आय नो,” नर्स म्हणाली. “यू आर राइट.”

बरोबर असल्याचा त्यांना काडीचा आनंद झाला नाही. गाडीत बसल्यावर बराच वेळ किल्ली न फिरवता ते पुटपुटत होते, “म्हणजे जी भिजणार, तिलाच छत्री नाही. वा रे वा!”

पण ‘चीनमध्ये आहे’ एवढं त्यांनी नेमकं उचललं. आमच्या शेजारी एक चिनी आजी राहायच्या. अंकलची आणि त्यांची दोस्ती जुनी, कारण दोघंही एकमेकांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचे आणि एकमेकांचं इंग्रजी कळल्यासारखं दाखवायचे. आजी नाताळात चीनला माहेरी निघाल्या होत्या. अंकल एक फ्लास्क धुऊन, पुसून त्यांच्याकडे गेले. मीही मागोमाग गेले, कारण हे आता काय करतात ते मला बघायचं होतं.

“यू ब्रिंग वन इंजेक्शन,” अंकल म्हणाले. “ई. नॉट ए, नॉट बी. पुट आइस इनसाइड.” आणि माझ्या पोटाकडे बोट दाखवलं.

आजींनी माझ्या पोटाकडे पाहिलं, फ्लास्ककडे पाहिलं आणि जोरजोरात मान हलवली. जानेवारीत त्या परत आल्या तेव्हा फ्लास्कही परत आला. आत वाळवलेली लाल खजुरं आणि कसल्याशा औषधी मुळ्या होत्या, बाळंतिणीच्या सूपसाठी. अंकलनी फ्लास्क उलटा करून झटकून पाहिला. मी इतकी हसले की मला खाली बसावं लागलं. ते अजिबात हसले नाहीत.

“तिकीट कॅन्सल कर,” म्हणाले.

“अंकल, पुरे आता.” मी खरंच चिडले. “मी बाटलीचं पाणी पिईन. उकळून पिईन. गेल्या वर्षी आम्ही दोघं गेलो होतो तेव्हा नळाचंच प्यायलो, मला काही झालं नाही.”

ते वाक्य माझ्या तोंडून निघून गेलं. मला वाटलं, हे आता उठून जाणार. पण ते माझ्या किचनमधल्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी कानटोपी काढली. त्यांचं डोकं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

“पाइपलाइन फुटली की आम्ही दुरुस्त करायचो,” ते सांगू लागले. “मग लाइन चालू केली की बायका हंडे घेऊन उभ्या, पण कोणी पाणी भरत नसे. भीती वाटायची. तेव्हा मी चौकात जायचो आणि सगळ्यांसमोर नळाखाली ग्लास धरायचो. पहिला ग्लास माझा. पिऊन झाला की म्हणायचो, ‘घ्या, मी प्यायलोय.’ मग सगळ्या भरायच्या. मला त्याचा रुबाब वाटायचा, पोरी. साहेब स्वतः पितो म्हणायचे लोक.”

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

“त्या उन्हाळ्यात गटाराच्या कडेची लाइन फुटली. आम्ही जोडली. चौकात प्यायलो. घरी आलो तर बायको म्हणाली, पाण्याला वास येतोय हो. सातवा महिना होता तिचा. मी तिच्यासमोर आपल्या नळाचा ग्लास भरला, प्यायलो, आणि म्हटलं, घे, मी प्यायलोय.” ते मांडीवरची कानटोपी दुमडू लागले. “मला काही झालं नाही. मला साधा तापसुद्धा आला नाही. तिचे डोळे पिवळे झाले आणि आठवडाभरात ती गेली. पोर पण गेलं.”

तेव्हा त्या काविळीला धड नावही नव्हतं, म्हणाले. ए नाही आणि बी नाही, एवढंच डॉक्टरांना सांगता यायचं. ती धडधाकट पुरुषाला कित्येकदा जाणवतही नाही आणि पोटुशी बाईला मात्र उचलते, हे त्यांना कॅनडात आल्यावर केव्हातरी एका डॉक्टरने सांगितलं. वरच्या भिंतीवरचा फोटो कोणाचा, हे मला तेव्हा कळलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तरी तिकीट मात्र मी कॅन्सल केलं नाही. आईला कसं सांगायचं, हेच मला सुचत नव्हतं.

ते काम अंकलनीच अंगावर घेतलं. दोन दिवसांनी त्यांनी मला आईला व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. “ताई, नमस्कार,” इथपासून सुरुवात करून त्यांनी पाइप, गटार, साथ, लस, चीन, सगळं सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुमची काळजी कळते हो. पण आमचा जन्म गेला इथे. मी तीन बाळंतपणं याच पाण्यावर काढली. मला काही झालं नाही.”

फोन माझ्या हातात देऊन अंकल जिना चढून गेले.

“काय गं, रागावले का?” आईने विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं. चौक, हंडे, पहिला ग्लास, सातवा महिना. तिच्या मागे आमच्या मोरीतला नळ सुरू होता, त्याचा आवाज मला टोरोंटोत ऐकू येत होता. आईने उठून तो बंद केला.

“तू येऊ नकोस,” परत येऊन ती म्हणाली. “मीच येते. व्हिसाला काय काय लागतं ते पाठव.”

व्हिसा व्हायला वेळ लागला. तोवर डोहाळेजेवणाचा मुहूर्त टळू नये म्हणून अंकलनी ते आपल्या चर्चच्या खालच्या हॉलमध्ये करायचं ठरवलं. वसईकडच्या ज्या बायका आल्या, त्यांच्यातल्या निम्म्यांनी हा प्रकार कधी पाहिला नव्हता. त्या फोनवर माझ्या आईला विचारून विचारून सगळं करत होत्या. झोपाळा म्हणजे कोणाच्या तरी पॅटिओतला लोखंडी झुला, बर्फातून ओढत आणलेला. त्याला कृत्रिम फुलांच्या माळा. हातात द्यायला धनुष्यबाण हवा, असं आईने सांगितल्यावर कोणाच्या नातवाचं प्लास्टिकचं धनुष्य आलं, त्याचे बाण भिंतीला चिकटायचे. वाट्यांखाली पेढा आणि बर्फी झाकली, तेव्हा एका मावशींनी उत्साहाने तिसऱ्या वाटीखाली चिकन कटलेट ठेवलं. मी नेमकी तीच उचलली. “म्हणजे जुळं का गं?” कोणीतरी विचारलं. जेवणात पुरणपोळीशेजारी त्यांचे गरमागरम फुगे होते, आणि ते गोल वडे मी इतके खाल्ले की आई फोनमधून ओरडली. अंकल हॉलच्या किचनमध्ये टोपासमोर उभे होते. शंभर माणसांना पुरेल एवढं पाणी त्यांनी सकाळपासून उकळून ठेवलं होतं. बाहेर बर्फ पडत असताना सगळ्यांनी ते कोमट पाणी मुकाट्याने प्यायलं.

आई एप्रिलमध्ये उतरली. एअरपोर्टवर अंकलनी आधी तिचे डोळे पाहिले आणि मग नमस्कार केला.

मुलगी झाली. हॉस्पिटलमध्ये इथे बाळंतिणीला बर्फ घातलेलं पाणी देतात, मोठा जग भरून, स्ट्रॉ घालून. आईला ते बघूनच कापरं भरलं आणि अंकलना वेगळ्या कारणाने. पहिल्या दिवशी ते दोन फ्लास्क घेऊन हजर झाले. तेव्हापासून दोघं मिळून तो जग पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसवून ठेवायचे.

घरी जायच्या दिवशी सकाळी अंकलनी बाळ हातात घेतलं. खिडकीजवळ गेले. सवयीने अंगठा पुढे नेला, मग एवढ्याशा चेहऱ्याला कसं लावायचं म्हणून नुसतेच वाकून पाहत राहिले. तेवढ्यात तिने डोळे उघडले.

“ताई,” ते म्हणाले. “ताई, हिला घ्या.” आईच्या हातात बाळ देऊन त्यांनी भिंतीला पाठ टेकली. मुलीच्या डोळ्यांतला बुबुळाभोवतीचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा झाला होता.

नर्स आली ती घाईत नव्हती. नवजात मुलांना अशी कावीळ पुष्कळदा होते, म्हणाली. रक्त तपासलं, आकडा थोडा जास्त निघाला, तेव्हा बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं, डोळ्यांवर इवलीशी पट्टी बांधून. बरी होईल, म्हणाली. माझा तिच्यावर विश्वास होता. अंकलचा नव्हता. बरी होणारी कावीळ त्यांच्या ओळखीची नव्हती. ते कॉरिडॉरमध्ये खुर्ची घेऊन बसले, हातात रोझरीची माळ, आणि आईने दिलेला डबा मांडीवर तसाच बंद. नर्स येता-जाता त्यांना सांगायची, “शी इज डूइंग फाइन, ग्रँडपा.” तिची चूक कोणीच दुरुस्त केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने दिवा बंद केला. आकडा उतरला होता. घरी न्यायला हरकत नाही, म्हणाली. पट्टी काढल्यावर आईने बाळ अंकलसमोर धरलं. त्यांनी खूप वेळ पाहिलं, खिडकीकडे वळवून, परत आपल्याकडे वळवून.

“गेली?” त्यांनी नर्सला विचारलं. “जाँडिस गॉन? जस्ट लाइक दॅट?”

“ऑलमोस्ट. जस्ट लाइक दॅट.”

ते कॉटच्या कडेवर बसले आणि रडले. लाजले नाहीत. मग तोंड पुसून इकडेतिकडे बघू लागले. फ्लास्क दोन्ही रिकामे होते. कोपऱ्यात तो बर्फाच्या पाण्याचा जग होता. त्यांनी उठून ग्लास भरला, उजेडात धरला, आणि एका दमात प्यायले. आई हातातलं काम टाकून बघत राहिली.

“हे नळाचं ना?” त्यांनी मला विचारलं.

“नळाचंच, अंकल.”

“गोड आहे गं. इतकी वर्षं राहतोय इथे, कोणी सांगितलं नाही मला.”

सगळ्यांनी सांगितलं होतं. त्यांनी तोच ग्लास पुन्हा भरला आणि माझ्यापुढे धरला. बर्फ काचेवर वाजत होता.

“घे,” ते म्हणाले. “मी प्यायलोय.”

मी सगळा ग्लास संपवला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, बाजूला ठेवला, माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे फिरवलं आणि अंगठ्याने पापणी खाली ओढून पाहिली.